निर्वासित कुटुंबांसाठी मदत गोळा करायची तर नेमकं करायचं काय

कुठेतरी युद्ध पेटतं, पूर येतो, भूकंप होतो, आणि फोनवर ते व्हिडिओ बघून आपल्याला राहवत नाही. मग तासाभरात व्हॉट्सॲपवर ग्रुप तयार होतो, कोणीतरी कपडे गोळा करायला लागतं, कोणीतरी स्वतःच्याच अकाउंटचा क्यूआर कोड टाकतं, आणि तिसऱ्या दिवशी ग्रुपवर एकच प्रश्न फिरत असतो की आता हे सगळं पाठवायचं कुठे?? सगळा क्रमच उलटा. आधी काय पाठवायचं, कोणाला आणि कोणाच्या हातून ते ठरवायचं आणि मग लोकांसमोर हात पसरायचा. घाई असेल तर एवढंच घेऊन जा, बाकीचं सगळं यालाच धरून आहे.

एक फरक आधी डोक्यात पक्का करा कारण पैसे कोणत्या वाटेने जाणार ते त्यावर ठरतं. छळ किंवा युद्धामुळे देशाची सीमा ओलांडून दुसरीकडे आसरा घेतलेला माणूस निर्वासित, त्याच्यासाठी १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, १९६७ चा पुरवणी करार आहे आणि संयुक्त राष्ट्रांची वेगळी यंत्रणा आहे. घर सोडलं पण देशातच राहिला तो अंतर्गत विस्थापित, त्याची जबाबदारी कागदावर तरी त्याच्याच सरकारची असते. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित यंत्रणेच्या आकड्यांप्रमाणे २०२४ च्या शेवटी जगात जबरदस्तीने घर सोडावं लागलेले लोक १२ कोटी ३२ लाख होते आणि त्यातले ७ कोटी ३५ लाख स्वतःच्याच देशात होते, म्हणजे निम्म्याहून बरेच जास्त. आपल्याला बातम्यांत दिसतात त्या सीमेवरच्या रांगा आणि पांढरे तंबू, पण निर्वासितांपैकीही बहुतेक लोक छावणीत राहतच नाहीत, ते शहरात भाड्याच्या खोलीत दोन-तीन कुटुंबं मिळून कशीतरी राहतात. तुम्ही ब्लँकेटचा ढीग घेऊन जाल आणि त्यांना हवं असेल घरभाडं, असं सर्रास होतं.

मागायच्या आधी विचारा

तिथे आधीपासून काम करणारं कोणीतरी शोधा. मोठी आंतरराष्ट्रीय संस्था असेल, छोटी स्थानिक संस्था असेल, किंवा विस्थापितांनी स्वतःच बनवलेली समिती असेल. माझं मत विचाराल तर छोट्या मोहिमेला स्थानिक संस्था बरी पडते, फोन उचलतात, उत्तर देतात आणि वस्तू कुठल्या दुकानात मिळते ते त्यांना माहीत असतं. फक्त नोंदणी आहे का, अकाउंट संस्थेच्या नावावर आहे का आणि मागच्या वर्षीचा हिशोब दाखवतात का, हे तीन प्रश्न न लाजता विचारा. चांगली संस्था यावर चिडत नाही. चिडली तर तेच तुमचं उत्तर.

आणि विचारताना "तुम्हाला काय हवंय" असं विचारू नका. त्यावर "सगळंच हवंय" एवढंच उत्तर येतं आणि ते खरंही असतं, पण त्याचं आपण करणार काय. त्यापेक्षा असं विचारा: काल वाटपात काय कमी पडलं? रांगेत शेवटी उभे होते त्यांना काय न घेता परत जावं लागलं? कोणती वस्तू लोक घेतात आणि लगेच विकतात? हा शेवटचा प्रश्न जरा आगाऊ वाटेल पण सगळ्यात कामाचा आहे, कारण लोक मिळालेली वस्तू विकतायत म्हणजे तिची गरज नाही आणि पैशाची आहे. यात लोकांची काही चूक नाही, आपण असतो तर आपणही तेच केलं असतं.

जमलं तर एखाद्या बाईशी वेगळं बोलायला मिळतंय का बघा, किंवा संस्थेतल्या महिला कार्यकर्तीला विचारायला सांगा. सॅनिटरी पॅड, आतले कपडे, रात्री टॉयलेटपर्यंत जाताना लागणारी बॅटरी, टॉयलेटच्या दाराला आतून कडी, या गोष्टी पुरुषांच्या मीटिंगमधून आलेल्या यादीत कधीच नसतात. आणि धुवून वापरायचे कापडी पॅड पाठवायचे असतील तर तिथे ते धुवायला पाणी आणि वाळवायला आडोसा आहे का हेही विचारा, नाहीतर हेतू चांगला आणि वस्तू पडून.

आकडा काढा, अंदाज नको

मदतकार्यात किमान किती लागतं याचे मानदंड आहेत, स्फिअर नावाच्या हँडबुकमध्ये, १९९७ मध्ये मदत संस्थांनी एकत्र येऊन हे काम सुरू केलं आणि आजही जगभर तेच वापरतात. माणशी रोज किमान १५ लिटर पाणी (पिणं, स्वयंपाक, अंघोळ, सगळं धरून), माणशी साडेतीन चौरस मीटर झाकलेली जागा, २० माणसांमागे १ टॉयलेट, रोज २१०० कॅलरी अन्न, आणि महिन्याला माणशी २५० ग्रॅम अंघोळीचा साबण अधिक २०० ग्रॅम कपड्यांचा.

हे आकडे पाठ करायचे नाहीत, त्यांनी गणित मांडायचं. समजा ४० कुटुंबं आहेत आणि घरटी ५ माणसं धरली तर २०० माणसं झाली. रोजचं पाणी ३००० लिटर. टॉयलेट १०. साबण महिन्याला ९० किलो. आता बघा, "निर्वासितांना मदत करा" हे वाक्य कुठे आणि "९० किलो साबण, एका महिन्याचा" हे कुठे. दुसऱ्या वाक्यावर दुकानदाराकडून घाऊक भाव विचारता येतो, देणाऱ्याला आपल्या पैशातून किती साबण येणार ते कळतं, आणि आपल्यालाही कुठे थांबायचं ते कळतं.

पाण्याचंच घ्या. टँकर आला तरी पाणी घरात साठवायला भांडं लागतं आणि घरातून पळून आलेल्या माणसाकडे नेमकं तेच नसतं. म्हणून प्रत्येक घराला झाकणाचे दोन कॅन, १० ते २० लिटरचे, एक आणायला आणि एक साठवायला. पण २० लिटरचा कॅन भरला की २० किलो होतो, आणि नळावर पाणी आणायला बऱ्याचदा पोरंच जातात, त्यामुळे आणायचा कॅन १० लिटरचा घेतलेला बरा. तोंड अरुंद असलेला घ्या, रुंद तोंडाच्या बादलीत सगळ्यांचे हात बुडतात आणि मग जुलाब सुरू होतात. अशा बारीक गोष्टी स्थानिक माणसाला माहीत असतात, म्हणून तर म्हणतोय आधी विचारा.

वस्तू नको, पैसे मागा (आणि भांडण झालं तरी चालेल)

ग्रुपमध्ये यावरून वाद होणारच. कोणीतरी म्हणेल पैसे खाल्ले जातात, वस्तू दिली की ती पोचते तरी. ऐकायला बरोबर वाटतं पण आलेल्या वस्तू सॉर्ट करायला माणसं लागतात, ठेवायला गोडाऊन लागतं, न्यायला ट्रक लागतो, आणि जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात एकच बूट, फाटकी चादर, भलत्याच हवामानाचे कोट आणि वापरलेले आतले कपडे निघतात. ते बाजूला करण्यात जी माणसं अडकतात ती वाटपाला मोकळी राहत नाहीत.

याची एक ठळक नोंद आहे. १९८८ मध्ये आर्मेनियात भूकंप झाला तेव्हा जगभरातून सुमारे ५००० टन औषधं आणि वैद्यकीय सामान तिथे पोचलं. आलंय काय याचा नीट अंदाज यायला ५० माणसांना ६ महिने लागले, काही औषधं मुदत संपलेली होती, काही थंडीने गोठून वाया गेली आणि उरलेल्यातली पुष्कळशी कशाची आहेत तेच लेबलवरून कळत नव्हतं. नंतर जागतिक आरोग्य संघटनेने औषधं दान करण्यासाठी नियम काढले, त्यात औषध पोचल्यावर किमान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी हा एक नियम आहे. तेव्हा घरातल्या उरलेल्या गोळ्या गोळा करायची कल्पना कोणी मांडली तर तिथल्या तिथे बंद करा.

बाळांच्या दुधाच्या पावडरचंही तेच, उलट जास्तच गंभीर आहे ते. डबा बघून माणूस हळवा होतो आणि देणाऱ्यांची रांग लागते. पण पावडर कालवायला स्वच्छ पाणी, बाटली उकळायला इंधन, हे छावणीत कुठून आणणार? गढूळ पाण्यात कालवलेलं दूध म्हणजे तान्ह्या बाळाला जुलाब, आणि पाजणाऱ्या आईचं दूधही त्याने आटतं ते वेगळंच. ज्या बाळांना खरोखर लागते त्यांच्यासाठी आरोग्य कर्मचारी बघून देतात, मोहिमेतून सरसकट वाटायची ती वस्तू नाही. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना हेच सांगत आल्यात.

पैसे दिले की तिथल्याच बाजारातून हवी ती वस्तू घेता येते, वाहतूक वाचते, आणि ज्या गावाने विस्थापितांना ठेवून घेतलंय त्या गावातल्या दुकानदारालाही चार पैसे मिळतात, ही बाजू आपण विसरतो. बाजार चालू असेल तर थेट कुटुंबाच्या हातात रोख देणं सगळ्यात उत्तम असं माझं मत झालंय. बाजारच बंद असेल, रस्ते तुटलेले असतील, तर मग वस्तू. तेव्हाही नवीन, एकाच प्रकारची, एका खोक्यात एकच वस्तू आणि खोक्यावर बाहेरून मोठ्या अक्षरात काय आणि किती ते लिहिलेलं. खोकं उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नसेल तर ते खोकं शेवटी उघडलं जातं.

पैसे येणार कुठे

शक्यतो संस्थेच्या अकाउंटवर थेट. तुमच्या हातात पैसा आलाच नाही तर अर्धी डोकेदुखी संपली. क्राउडफंडिंग साईट वापरणार असाल तर आधी तीन गोष्टी बघा: फी किती कापतात, पैसे किती दिवसांनी सोडतात, आणि टार्गेट पूर्ण झालं नाही तर पैसे मिळतात की देणाऱ्याला परत जातात. पूर आलेला असताना पैसे पंधरा दिवस अडकून राहिले तर काय उपयोग.

स्वतःच गोळा करायची वेळ आली तर घरखर्चाचं अकाउंट वापरू नका, वेगळं उघडा आणि पैसे काढायला दोघांची सही किंवा दोघांची मंजुरी ठेवा. हे दोघे एकाच घरातले नकोत. टॅक्समध्ये सूट मिळेल असं उगाच कोणाला सांगू नका, ती नोंदणी असलेल्या संस्थेलाच मिळते आणि प्रत्येक देशात नियम वेगळे. देशाबाहेर पैसे पाठवायचे किंवा बाहेरून घ्यायचे तर त्याचा कायदा वेगळाच, आणि युद्ध चालू असलेल्या किंवा निर्बंध लावलेल्या देशाचं नाव व्यवहारात आलं की बँक पैसे अडवून कागदपत्रं मागू शकते. त्यावर उपाय म्हणजे कारण लपवणं नाही, ते अंगाशी येईल. आधीच परवानगी असलेल्या संस्थेमार्फत पाठवा आणि बँकेला फोन करून काय काय कागद लागतील ते विचारून ठेवा.

मेसेज कसा लिहायचा

लांबलचक भावनिक मेसेज कोणी शेवटपर्यंत वाचत नाही. असं काहीतरी लिहा:

"पुरामुळे घर सोडावं लागलेली ४० कुटुंबं सध्या एका शाळेच्या इमारतीत आहेत. पाण्याचा टँकर रोज येतो पण पाणी साठवायला भांडी नाहीत. प्रत्येक घराला झाकणाचे २ कॅन द्यायचेत, एकूण ८० कॅन. एका घराचा खर्च अमुक. शुक्रवारी रात्री ९ पर्यंत पैसे घेऊ, शनिवारी खरेदी, रविवारी वाटप, सोमवारी बिलं आणि हिशोब इथेच टाकू. ८० कॅनचे पैसे झाले की गोळा करणं थांबवू. जास्त आले तर याच कुटुंबांच्या साबणासाठी वापरू."

यात रडारड नाही तरी चित्र डोळ्यासमोर उभं राहतं. एका घराचा खर्च दिला की माणूस मनात हिशोब करतो, मी एक घर घेतो, आम्ही चौघी मिळून दोन घरं घेतो. तारीख दिली की "नंतर बघू" होत नाही. आणि शेवटची दोन वाक्यं लोक सोडून देतात पण ती सोडू नका, कारण जास्त आलेल्या पैशाचं काय हे आधी सांगितलं नाही तर नंतर त्यावरूनच कुजबुज सुरू होते. अमुकच्या जागी खरी रक्कम टाकायला विसरू नका (विसरतात लोक!!).

मेसेज दोनशे लोकांच्या ग्रुपवर टाकला की दोनशे जण समजतात दुसरा कोणीतरी देईल. त्यामुळे आधी जवळच्या आठ-दहा जणांना फोन करा, फॉरवर्ड नाही, फोन. त्यांचे पैसे आले की मग ग्रुपवर टाका, "४० पैकी ११ घरांचं झालंय" असं. शून्यावर उभ्या असलेल्या मोहिमेत पहिला पैसा टाकायला कोणी धजत नाही. रोज एक छोटा अपडेट, तेवढाच, दिवसातून पाच वेळा आठवण केली की लोक ग्रुप म्यूट करतात. ऑफिसमध्ये किंवा एखाद्या व्यावसायिकाला विचारताना "जेवढे जमतील तेवढे तुम्हीही घाला" असा प्रस्ताव द्या, म्हणजे कर्मचाऱ्यांनी १० घरं घेतली तर मालकाने १०. हा प्रकार मालकांना आवडतो असा अनुभव आहे. आणि नाही म्हणालेल्या माणसाच्या मागे लागू नका, कोणाच्या घरात काय चाललंय आपल्याला माहीत नसतं.

फोटोचं काय

फोटोशिवाय पैसे येत नाहीत असं म्हणतात. येतात. रिकाम्या नळाचा, कॅनच्या ढिगाचा, बिलाचा, तंबूबाहेर वाळत घातलेल्या कपड्यांचा फोटो चालतो. चेहरा दाखवायचाच तर त्या माणसाला त्याच्या भाषेत समजावून, फोटो कुठे जाणार ते सांगून, आणि नाही म्हणालास तरी मदत मिळणारच हे स्पष्ट करून मगच. रांगेत उभा असलेला माणूस हो म्हणतो तेव्हा तो किती मनापासून म्हणतो ते आपल्याला कळतं ना? छळामुळे पळालेल्या माणसाचा फोटो, नाव आणि ठिकाण ऑनलाईन गेलं तर मागे राहिलेल्या नातेवाईकांना त्रास होऊ शकतो, म्हणून नाव बदला, गावाचं नाव टाळा आणि फोनमधलं लोकेशन बंद करून फोटो काढा. लहान मुलांचे चेहरे नकोच.

पाकीट हातात देताना दोघांनी कॅमेऱ्याकडे बघायचं आणि मागे बॅनर, हा फोटो कृपा करून काढू नका.

हिशोब

साधी शीट पुरते. तारीख, किती आले, किती गेले, कोणाला गेले, बिल नंबर, शिल्लक. देणाऱ्यांची पूर्ण नावं पब्लिक शीटमध्ये नकोत, आद्याक्षरं किंवा पावती नंबर टाका. बिलावर "साहित्य" असं न लिहून घेता "१० लिटर कॅन, ८० नग" असं लिहून घ्या. टेम्पोचं भाडं, बँकेची फी, हमाली हे वेगळ्या ओळीत दाखवा, लपवू नका. शंभर टक्के पैसे गरजूंपर्यंत असं पोस्टरवर छापायचा मोह होतो पण टेम्पो फुकट येत नाही, आणि ते छापलं की टेम्पोचे पैसे कुठून आले हा पहिला प्रश्न येतो.

वाटप झाल्यावर चार दिवसांनी संस्थेला परत फोन करा. कॅन वापरात आहेत का, कोणाचं राहिलं का, झाकणं टिकली का. हे उत्तर जसंच्या तसं ग्रुपवर टाका, तक्रार असली तरी टाका. पुढच्या वेळी लोक पैसे देतात ते याच्यामुळे.

अजून एक, फसवणूक. तुमचं पोस्टर कोणीतरी उचलून त्यावर स्वतःचा क्यूआर कोड चिकटवणार हे गृहीत धरा. म्हणून पोस्टरवर अकाउंटधारकाचं नाव अक्षरात लिहा आणि "पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर हेच नाव येतंय ना बघा" अशी ओळ टाका. तुम्ही स्वतः कोणाचं आवाहन पुढे ढकलताय तर आधी फोटो गुगलवर शोधून बघा, भलत्याच देशातला जुना फोटो निघाल्याची उदाहरणं ढिगाने सापडतील.

बातम्या थांबल्यावर

पहिल्या दोन आठवड्यांत पैसा येतो, मग दुसरी बातमी येते आणि सगळे तिकडे वळतात. कुटुंबं मात्र तिथेच असतात. निर्वासितांपैकी जवळपास दोन तृतीयांश लोक ५ वर्षं किंवा त्याहून जास्त काळ रखडलेल्या परिस्थितीत आहेत, म्हणजे एकदाच दिलेल्या कॅनने आणि ब्लँकेटने हा विषय संपत नाही. तिसऱ्या महिन्यात यादी बदलते: घरभाडं, कागदपत्रांची फी, दवाखान्यात जायचं गाडीभाडं, शाळेचं साहित्य, चष्मा (पळताना चष्मा मागे राहिलेला माणूस महिनोन्महिने आंधळ्यासारखा वावरतो आणि कोणत्याच किटमध्ये चष्मा नसतो), फोनचा रिचार्ज. रिचार्ज ऐकून लोक नाक मुरडतात, पण हरवलेल्या माणसाचा शोध, नोंदणीचा मेसेज, रोख मदतीचा कोड, सगळं त्या फोनवरच येतं.

यासाठी दर महिन्याला थोडे देणारे वीस जण मिळाले तर एकदाच मोठी रक्कम देणाऱ्या दोघांपेक्षा बरे, कारण भाडं दर महिन्याला द्यायचं असतं. पहिल्या मोहिमेचा हिशोब टाकता त्याच दिवशी विचारा, तेव्हा विश्वास ताजा असतो, आणि मुदत सांगून विचारा, सहा महिने म्हणजे सहाच. २० जूनला जागतिक निर्वासित दिन असतो, तेव्हा बातम्यांत विषय परत येतो, त्या आठवड्यात नवीन लोकांना विचारायला सोपं जातं. आणि टीममध्ये विस्थापित कुटुंबातलं कोणीतरी घ्याच, नुसतं बोलायला नाही, यादी ठरवायला आणि खर्चाला हो-नाही म्हणायला.

मोहीम बंद करायची तेव्हा नीट बंद करा. शिल्लक संस्थेला ट्रान्सफर करून पावती टाका, लिंक बंद करा, आणि जिथे जिथे पोस्ट टाकली होती तिथे जाऊन वर "कलेक्शन बंद झालंय, पैसे पाठवू नका" अशी ओळ टाका. फॉरवर्ड झालेला मेसेज वर्षभर फिरत राहतो आणि कोणीतरी अचानक पैसे पाठवून मोकळं होतं, तेव्हा असे उशिरा आलेले पैसे परत करायचे की संस्थेला द्यायचे हेही आधीच ठरवून शीटच्या खाली लिहून ठेवा.